टीव्हीसमोरून वाकून जायचं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर जमणार नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय. मागच्या उन्हाळ्यात. आणि अमावस्येची रात्र-बित्र काही नव्हती हं... चक्क दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, तिथेच होता. त्याने सांगितलं तसंच सांगते.

मावशीच्या हॉलमध्ये एक जुना डबा टीव्ही होता. मागे पोट सुटलेला. समोर काकांची वेताची खुर्ची. काका घरात असले की त्याच खुर्चीत, आणि टीव्हीवर बातम्या. दुसरं काही लावायची कुणाची बिशाद नव्हती.

आणि त्या घरात एक नियम होता.

काका आणि टीव्हीच्या मधून जायचं, तर कमरेत वाकून जायचं.

कुणी ताठ गेलं की काका खाकरायचे. एकदाच. माणूस आपोआप खाली.

मावशीला टीव्हीवरच्या कुस्त्यांचं भयंकर वेड. पण उभा संसार झाला तरी स्वतःच्या घरात तिने एक कुस्ती बघितली नाही. शेजारणीकडे जायची, तेही भाजी गॅसवर ठेवून, दारात उभ्या उभ्या.

काका गेले. वर्ष उलटलं. तरी सगळे तिथून वाकूनच जायचे. सवयच ती.

मग टीव्हीचं चित्र गेलं. नुसती एक पांढरी रेघ.

मावशी म्हणाली, बरं झालं, नवा आणू. दादा आडवा आला. बाबांची आठवण आहे, दुरुस्त करू म्हणाला. मायलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी दादाने मेकॅनिकला बोलावलं.

त्याने प्लग काढला. मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, धुळीने स्वतःच शिंकला. म्हणाला, जुन्या सेटचा पार्ट बसवून देतो, पण भरवसा नाही. त्यापेक्षा नवाच घ्या.

आणि बॅग घ्यायला टीव्हीसमोरून गेला. ताठ.

तेवढ्यात...

कुणीतरी खाकरलं.

मेकॅनिकने वळून दादाला विचारलं, काही म्हणालात का? दादा आपोआप वाकला होता.

खुर्ची रिकामी. प्लग जमिनीवर.

मेकॅनिकने बॅग उचलली आणि तो निघाला. जाताना टीव्हीसमोरून गेला तो... वाकून.

त्याला नियम कुणीच सांगितला नव्हता.

"आई, दुरुस्तच करू," दादा म्हणाला. "बाबांना आवडलेलं दिसत नाही."

मावशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती उठली.

"त्यांना काय आवडतं ते बघण्यातच माझा जन्म गेला," ती म्हणाली.

आणि सरळ जाऊन टीव्ही आणि खुर्चीच्या मधोमध उभी राहिली. टीव्हीकडे पाठ, खुर्चीकडे तोंड, कमरेवर हात.

"नवाच येणार. आणि त्यावर कुस्त्या लागणार."

परत खाकरणं. या वेळी मोठ्याने.

मावशीचे गुडघे थोडे वाकले. दादाला स्पष्ट दिसलं. मग ती हळूहळू सरळ झाली. आधीपेक्षा ताठ.

मग वेत करकरला. कर्र.

दादाची नजर टीव्हीच्या काळ्या काचेवर गेली. काचेत मावशीची पाठ दिसत होती. आणि तिच्या कमरेशेजारून...

एक डोकं बाजूला झुकलं.

समोर कुणी आडवं आलं की टीव्ही बघायला आपण झुकतो ना, अगदी तसं.

दादाने खुर्चीकडे बघितलं. कुणीच नाही. काचेत बघितलं. होतं.

मावशीला काच दिसत नव्हती. तिला फक्त आवाज येत होता. ती आवाजाच्या बाजूला सरकली. कर्र... डोकं दुसऱ्या बाजूला. मावशीही दुसऱ्या बाजूला. कर्र... मावशी. कर्र... मावशी. घामाने डबडबली होती, पण हटली नाही.

"अहो, बास झालं," ती शेवटी म्हणाली. आवाज कापत होता. "खूप वाकले. आता नाही वाकणार."

करकर थांबली.

काचेत फक्त मावशी.

नवा टीव्ही आला. जुना भंगारवाल्याने नेला. दादा म्हणाला, खुर्चीही देऊन टाक. मावशीने साफ नकार दिला. चांगली धडधाकट खुर्ची आहे, मी बसेन म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल संपलं.

परवा दादा घरी गेला तर कुस्त्या चालू, आवाज दणदणीत, आणि मावशी त्या खुर्चीत. पण अगदी कडेला, पडेल की काय अशी. बाकीची बैठक मोकळी.

दादा म्हणाला, आई, नीट टेकून बस ना.

मावशीने टीव्हीवरून नजर हलवली नाही.

"हे सरकत नाहीयेत," ती म्हणाली. "पण मीही उठणार नाही."

दादा हसायला गेला. तेवढ्यात मावशीने शेजारच्या मोकळ्या जागेत कोपर हाणलं...

आणि कोपर मध्येच अडलं.

मावशी बोटभर आत सरकून बसली.

मला तिने सुट्टीत राहायला बोलावलंय. नाही म्हणवत नाही. आणि जायचा धीरही होत नाही.