खडूचं ताट

"अहो, भाजीवर पाय दिलात तुम्ही!"

दारातून आत येणारा माणूस जागच्या जागी उडाला. त्यानं खाली बघितलं. फरशीवर खडूनं भलंमोठं ताट काढलं होतं आणि त्याचा उजवा बूट बरोब्बर मेथीच्या जुडीवर पडला होता.

"मग उभं कुटं ऱ्हाऊ?"

"कुठंही राहा. फक्त भाकरीवर नको. ती आधीच पाव ताट आहे."

तो हसला. सृष्टीलाही हसू आलं, पण तिनं ते खडूच्या डब्यात बघत लपवलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीमागच्या समाजमंदिरात दर गुरुवारी सकाळी सृष्टी मधुमेहाचा वर्ग घ्यायची. किती खायचं, किती चालायचं, पायाची जखम कशी बघायची, सगळं सोपं करून सांगायची. बूटवाला होता मल्हार. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारा. मंद्रूपहून राहायला आलेल्या आईला, तानाबाईंना, तो घेऊन आला होता.

"भाकरीनं साखर वाढत न्हाय," तानाबाईंनी बसल्या बसल्या जाहीर केलं. "माजी आई चार-चार खायची."

"मावशी, तुमची आई दिवसभर रानात राबायची. तुम्ही काय करता?"

"ती मालिका बगती," मल्हार म्हणाला.

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं हसले खाजाभाई रिक्षावाले. त्यांची बीवी जाऊन वर्ष झालं होतं. गोळ्यांची डबी तीच भरून द्यायची. आता ते डबी घेऊन वर्गाला यायचे.

सृष्टीनं तानाबाईंना साखर तपासायचं मशीन आठ आठवड्यांसाठी घरी दिलं. रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा वहीत लिहायचा. पुढच्या गुरुवारी मल्हारनं वही आणली. एकशे चार, अठ्ठ्याण्णव, एकशे सात...

"कमाल आहे मावशींची!"

"आईची न्हाय, शिकवणारीची," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर सृष्टीचा आठवडा बुधवारीच सुरू व्हायला लागला. कुठला कुर्ता घालायचा, यात संध्याकाळ जायची. गुरुवारी बाहेर त्याच्या गाडीचा आवाज आला, की हातातला खडू मोडायचा. काय झालंय आपल्याला? इतरांना नाडी बघायला शिकवतो, आणि आपली ही अशी!

सहाव्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर तो घुटमळला. पिशवीतून त्यानं एक नॅपकिन काढला. अर्धा हिरवा, पाव पांढरा, पाव पिवळा.

"भाजी, भाकरी, डाळ," तो म्हणाला. "उरलेल्या सुतात इणला. आता खडू नको. पायबी पडायचा न्हाय कुनाचा."

 कुणी तिच्यासाठी माग लावला होता!

"मल्हार... हा मी सगळ्यांना दाखवणार. आणि ऐका ना, पुढच्या गुरुवारी डॉक्टर येतायत. वहीतले आकडे बघितले तर मावशींच्या गोळ्यासुद्धा कमी करतील!"

नॅपकिन देणारा त्याचा हात हवेतच थांबला. तिनं नॅपकिन घेतला आणि तो हात धरला, पहिल्यांदाच. खरखरीत, गरम हात. आणि मग तिला ते दिसलं. बोटांच्या कडांना काळे ठिपके. बारीक, एकाशेजारी एक. टोचलेल्या जागी मागाचं तेल मुरलं होतं.

तिनं हात सोडला.

"हे आकडे तुमचे आहेत."

त्यानं बोटं मुठीत मिटली.

"इतके आठवडे मी तुमच्या साखरेवर खूश होतेय, मल्हार?"

"आई टोचून घिना. आकडा वाढला तर रोजची इन्शुलिनची सुई लावतील, म्हणून भ्याली. म्हनली, तुजं बोट दे. पयल्यांदा दिलं... मग तुमी वही बघून असं हसला, की दुसऱ्यांदा खरं लिवायचा धीर झाला न्हाय."

"त्यावर गोळ्या कमी झाल्या असत्या! आईचा जीव आहे तो."

"व्हय," तो म्हणाला. मान वर न करता निघून गेला. नॅपकिन तिच्याच हातात राहिला.

तो आठवडा सरता सरेना. तो आला नाही तर? आईला पुन्हा आणलंच नाही तर? गुरुवारी डॉक्टर येऊन बसले. दहा वाजले. सव्वादहा झाले. सृष्टीनं उगाचच फरशीवर पुन्हा ताट काढलं.

बाहेर रिक्षा थांबली. आधी खाजाभाई आत आले, मागून तानाबाई, आणि दारातच अडलेला मल्हार.

"सकाळपासून गल्लीत फिरतोय हा," खाजाभाईंनी तक्रार केली. "मी बोललो, अरे, जे बोलायचं ते आजच बोल. मी पण बीवीला रोज म्हणायचो, रिक्षा लावून आलो की निवांत बोलू. राहिलंच ना ते बोलायचं."

तानाबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि बोट पुढं केलं. "घे बाई. पोराला काय बोलू नगंस, मीच सांगितलं हुतं त्याला."

दोनशे शहाऐंशी.

डॉक्टरांनी आकडा बघितला, गोळ्या बदलून लिहिल्या आणि म्हणाले, "सुईचं आत्ता काही नाही. खरा आकडा कळला, हे बरं झालं." तानाबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

सृष्टी वही घेऊन दाराशी गेली. जुन्या पानांवर तिनं आडवी रेघ मारली होती. नव्या पानावर एकच आकडा होता.

"रोज आईचं बोट. कबूल?"

"कबूल. शप्पत." तो म्हणाला. "मॅडम, मला येक सांगायचंय. आता आकडा वाईट येनार. लई दिवस वाईट येनार. तुमी आता हसनार न्हाय... ते मला लई लागनार हाय."

सृष्टीनं वही मिटली. छातीत माग धडधडत होता.

"एक विचारू? दर गुरुवारी तुम्ही आत यायचात, तेव्हा वही कुठं असायची?"

"पिशवीत."

"आणि मी कधी हसायचे?"

त्यानं पिशवीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत गेलं.

"मी... दारात आलो की."

"मग?"

तो एक पाऊल पुढं आला. मागून खाजाभाई ओरडले, "अरे, भाजी! भाजी!"

मल्हारनं खाली बघितलं, पाय उचलायला गेला. सृष्टीनं त्याची बाही धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथंच उभे राहा."