अकराच्या पुढचा आवाज

सुरुवातीलाच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सोडली आणि छपरं शाकारायच्या कामाला लागलो, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील त्या पोटात घाला. शब्दही साधेच आहेत माझे. ही गोष्ट ओन्नोची आहे. त्या दिवशी रांगेत मीही उभा होतो, पण घडलं ते त्याच्या शेजारी, आणि बाकीचं त्यानंच मला नंतर सांगितलं.

आमच्या गावाचं अग्निशमन दल म्हणजे आम्ही अकरा जण. पगार नाही, भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. दरवर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, दलदलीपलीकडच्या, महायुद्धाच्या वेळच्या जुन्या छळछावणीवर आम्ही फुलांचं चक्र वाहतो. त्या वर्षी आमचे प्रमुख हार्मकाका ब्रुन्स म्हणाले, "नुसतं चक्र ठेवून परत येतो आपण, आत काय आहे ते एकानंही धड बघितलेलं नाही. लाज वाटायला पाहिजे." म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही सगळे गणवेशात छावणी बघायला गेलो.

दाखवायला फोस बाई होत्या. इतिहासाच्या अभ्यासक, दक्षिणेकडच्या, आमच्याकडे येऊन तीन वर्षं झालेली. बोलणं हळू. कैद्यांकडून इथे दलदलीतली जळणाची माती कशी कापून घ्यायचे, हे सांगतानाही त्यांनी आवाज चढवला नाही. बराकी आता नाहीत, फक्त त्यांच्या जागी दगडांच्या चौकटी आहेत. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं.

वस्तूंच्या खोलीत काचेखाली एकच एनॅमलचा वाडगा होता.

"प्रत्येक कैद्याला नावाऐवजी एक आकडा, आणि एक वाडगा," बाई म्हणाल्या. "वाडगा नाही तर सूप नाही. झोपताना कमरेला बांधून झोपायचे. ज्याचा हरवला, तो टोपीत घ्यायचा. टोपीही नसली, तर ओंजळीत."

मग त्या आमच्याकडे वळल्या. "पहारेकरी पळाले, त्यानंतर दोन दिवस ही जागा उघडी होती. आसपासच्या गावांतून गाड्या आल्या. फळ्या, शेगड्या, भांडी, सगळं गेलं. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण त्यातली प्रत्येक वस्तू कुणाची तरी शेवटची वस्तू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी काही असेल, तर मला सांगा. नावही लिहिणार नाही मी."



"आमच्या घरी त्या काळातल्या एक सासूबाईच आहेत," आमच्यातला उबो म्हणाला. "त्या न्यायच्या असतील तर आज संध्याकाळीच आणून सोडतो."

आम्ही हसलो. ओन्नोही हसला. ते हसू त्याच्या मनातून अजून जात नाही.

कारण ओन्नोच्या घरी तसला वाडगा होता. कोंबड्यांच्या खुराड्यात. तपकिरी, काठावर तीन ठिकाणी टवके उडालेला. तळाशी खिळ्यानं कोरलेला आकडा होता, चार सात एक नऊ. लहानपणी त्यावरून बोट फिरवत तो आकडे शिकला होता. दहाव्या वर्षी सायकल मिळाली, तेव्हा कुलपाला त्यानं तोच आकडा लावला. वाडगा कुठून आला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण माहीत होतं. काही गोष्टी घरात न सांगताच माहीत असतात. काचेतल्या वाडग्याकडे बघताना त्याचे कान तापले, आणि तो उबोच्या पाठीमागे सरकला.

बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. धुकं इतकं दाट की पुढच्याच्या पाठीवरचा चमकता पट्टाच तेवढा दिसे. कैद्यांना रांगेत उभं करून मोजायचे त्या हजेरीच्या मोकळ्या मैदानातून फाटकाकडे जायचं होतं. पायाखाली खडी, बाकी कसलाही आवाज नाही. बाईंना फाटकाला कुलूप लावायचं होतं. हार्मकाकांना काळजी की कुणी मागे राहिला तर नाही ना. मग त्यांनी जे केलं, ते फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होईल. धुरातून बाहेर पडल्यावर आम्ही नेहमी करतो, अंगवळणी पडलेलं, विचार न करता. ते ओरडले, "रांग! मोजा!"

आणि आम्ही त्या मैदानावर, टाचा जुळवून, रांगेत उभे राहिलो.

"एक!" काकांनी स्वतःपासूनच सुरुवात केली.

"दोन!"

"तीन!"

माझ्यापर्यंत आलं. मी "नऊ!" ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला कळलं आपण कुठे उभे आहोत. पण तोंडातून गेलं होतं. पलीकडे उबो "दहा" म्हणाला, तो पुटपुटल्यासारखा. ओन्नो शेवटचा. शेवटच्यानं "पूर्ण" म्हणायचं असतं.

"अकरा... पूर्ण."

मग त्याच्या डाव्या हाताला, जिथे कुणीच नव्हतं, कुणीतरी श्वास घेतला. उशीर झाल्यासारखा, घाईघाईचा श्वास. धुक्यात उकडलेल्या सलगमाचा वास आला. आणि आवाज... मोठा नाही, अगदी हळू. वेळेत उत्तर दिलं नाही तर काय होईल, हे माहीत असलेल्या माणसाचा.

"चार... सात... एक... नऊ."

ओन्नोला मान वळवता येईना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दोन हात दिसले, एकमेकांना जोडून पुढे केलेले. ओंजळ.

"कोण रे तो हरामखोर!" हार्मकाका धावत रांगेच्या टोकाशी आले. "ओन्नो! ही थट्टेची जागा आहे?"

"मी... मी नाही, काका."

"मग कोण? तुझ्या बाजूनं आलं!"

सगळ्यांनी मान खाली घातली होती. फोस बाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या, हातात किल्ल्या, चेहरा पांढराफटक. ओन्नोला वाटलं, आता एक वाक्य बोलायचं. तो आकडा आमच्या खुराड्यात आहे, एवढंच. पण मघाशी आपण हसलो होतो. तो म्हणाला, "चुकलो, काका." न केलेली थट्टा त्यानं आपल्या अंगावर घेतली. खरं ते कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं.

घरी आजी चुलीपाशी बटाटे सोलत होती. ओन्नो खुराड्यात जाऊन वाडगा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला.

"कोंबड्यांचं भांडं टेबलावर?" आजी म्हणाली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"कुठून आणला हा?"

"माझ्या वडिलांनी. चोरला नाही काही. पडलेला होता तिथे."

"कुणाचा होता?"

"कुणाचाच नव्हता. सगळ्यांनी आणलं, आम्ही एक भांडं आणलं तर बिघडलं कुठे? ब्रुन्सांनी तर अख्खी शेगडी आणली." ती सोलत राहिली. सालीची लांब पट्टी पडली. मग सुरी थांबली.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "गाडीत मीच तो मांडीवर धरून बसले होते."

"मग?"

"त्यात सूप होतं, ओन्नो. अर्धं. वडिलांनी ओतून टाकलं, माझ्या झग्यावर सांडेल म्हणून." तिनं हात कमरेच्या फडक्याला पुसले, परत पुसले. "वाडगा गरम होता. कुणीतरी मागून चालत येत होतं. वडील म्हणाले, वळून बघू नकोस... म्हणून मी नाही बघितलं."

ओन्नोनं वाडगा घासला. तीनदा. आजीनं त्याला अडवलं नाही, जेवायलाही हाक मारली नाही.

रविवारी सकाळी दहिवर पडलं होतं. चक्र ठेवून झालं, टोप्या काढून आम्ही उभे होतो. कुणी मोजायला सांगितलं नाही. तेवढ्यात ओन्नो रांगेतून पुढे गेला, कोटातून वाडगा काढला आणि फोस बाईंच्या हातात दिला. आम्हां सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"हा आमच्याकडे होता. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसलो. आणि काल चार सात एक नऊ मी नव्हतो ओरडलो, बाई. तो इथे आहे बघा, तळाशी."

बाईंनी वाडगा उलटा केला. तळावरच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"पण ओरडलं कोण?" त्या म्हणाल्या. "काल मी अकरापर्यंतच ऐकलं. नंतर सगळं शांत होतं. तुम्ही एकदम याच्या अंगावर का धावलात, हेच मला समजेना. मी तर तुम्ही इथे मोजलंत म्हणून हादरले होते."

हार्मकाका टोपी हातात फिरवत होते.

"ओन्नो," शेवटी ते म्हणाले, "तू काय म्हणालास... चार सात एक नऊ?"

"हो, काका."

"मी दोन शून्य आठ सहा ऐकलं." "आमच्या शेगडीच्या दारावर कोरलेला आहे तो. आतल्या बाजूनं. जाळ पेटवताना रोज दिसतो."

उबोनं तोंड फिरवलं. मग तो फाटकाकडे चालायला लागला, आधी हळू, मग भराभर, घराच्या दिशेनं. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बाई मला म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही काय ऐकलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी घरी आलो. आई आठवडाभरापासून मावशीकडे होती, घर सकाळपासून बंद होतं. स्वयंपाकघरातला खण उघडला. अगदी मागे, सुऱ्यांच्या खाली, तो पत्र्याचा चमचा आहे, दांड्यावर पाच आकडे ठोकलेला, मी मैदानावर ऐकले तेच. मी हातात घेतला.

ओला होता.

मी तो पुसला, आणि होता तिथेच ठेवून दिला.