बाद दोर

बिरवाडीच्या शाळेतली शिक्षिका आम्रपाली दर रविवारी पाचाडजवळच्या कड्यावर मुलींना दोरावरून उतरायला शिकवी. त्या दिवशी भुरभुर पावसात ती सामान मांडत होती, तर एक अनोळखी तरुण समोर येऊन उभा. खांद्यावर झगझगीत निळ्या दोराचं वेटोळं.

"मॅडम, जरा बघता का? पुढल्या रविवारी आमची कारखान्यातली पोरं धबधब्यावरनं उतरनार हायत. पयला मीच."

सुशांत त्याचं नाव, पोलादपूरकडचा. दोर सगळ्यांनी मिळून ऑनलाइन मागवलेला.

तिनं आधी टोकं पाहिली. ना बनवणाऱ्याचं नाव, ना कसला शिक्का. मग डोळे मिटून दोर तळहातातून सरकवत नेला... एका जागी बोटं थांबली. तिथं तिनं तो दुमडला. चांगला दोर दुमडला की गोल कमान धरतो. हा ओल्या सुतळीसारखा चपटा पडला.

"वरून नवा, आतून तुटलेला. बाद."

"नुसत्या हातानं कळतं? मग माझा हात पन बघा की—"

"तो बाद करायला इतका वेळ लागणार नाही."

तो हसला. तिनं मात्र हसू दाबून बजावलं, बाद दोर बाजूला ठेवत नाहीत, कापून टाकतात. नाहीतर कुणीतरी तो उचलतोच. पोरं काय म्हणतील, असं पुटपुटत तो अख्खं वेटोळं घेऊन गेला.

आठवडाभर तिला फळ्यावरही तो निळा दोर दिसत राहिला. फोन नंबरसुद्धा घेतला नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

रविवार आला. मुली उतरत होत्या, तिची नजर पुन्हा पुन्हा रस्त्याकडे. आता ती पोरं धबधब्यावर पोचली असतील... आणि पहिला तो.

उन्हं चढल्यावर सुशांत आला. खांदा रिकामा. खिशातून वीतभर निळा तुकडा काढून त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"सगळा कापला. पोरं बोलत नायत माझ्याशी. म्हनतात, बाईच्या नादी लागला."

"लागलात का?"

"ते तर... दोर कापायच्या आधीच."

आम्रपालीनं तुकडा ओढणीच्या टोकात बांधला. मग स्वतःचा दोर उचलला, त्याच्या कमरेचा पट्टा आवळला, गाठ एकदा ओढून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"उतर. वरून मी धरते."

तो कड्याआड गेला. अर्ध्यावर दोराला दोन हिसके बसले. ती कड्यावरून खाली वाकली.

"काय झालं रे?"

"काय नाय," खालून आवाज आला. "तू धरलायस ना, ते बघितलं."

"धरलाय," ती म्हणाली, आणि मूठ आणखी घट्ट केली.