भवानीचं गिऱ्हाईक

केजच्या बाजारात भवानीचं, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत. आणि पहिली घोंगडी ज्या भावानं जाते, त्याच भावानं मग आम्हा धनगरांची सगळी ओळ विकते. त्या दिवशी सकाळी एक अनोळखी गडी पहिलाच माझ्यापुढे येऊन बसला. मला वाटलं, हा परगावचा, याला काय माहीत!

"काय भाव, बाई?"

"तीन रुपये, निजामाचे हाली."

"दीड."

"दीडात मेंढीची शेपटी येईल."

तो हसला. घोंगडी गालाला लावून म्हणाला, "लई मऊ हाय. कातली कुणी?"

"मीच."

"तरीच…" म्हणत त्यानं माझ्या बोटांकडे असं बघितलं की मी हात पदराखाली घेतले. खोटं कशाला बोलू — विरघळले. दीडला दिली.

घटकाभरात दलाल आला. बसऱ्याच्या लढाईवर इंग्रजांच्या फौजेला घोंगड्या पाठवायचा त्याचा ठेका होता. "भवानी दीडला झाली न्हवं? मग समद्या दीडनंच!" आमच्या चाळीस घोंगड्या गेल्या. गाडीवर त्या रचणारा त्याचा नोकर… तोच होता! मान खाली घालून.

त्या तोट्यापायी माझ्या म्हाळूकाकांनी त्या आठवड्यात दोन मेंढ्या विकल्या. माझ्याशी कुणी धड बोलेना.

पुढच्या बाजारी तो पुन्हा सगळ्यांच्या आधी हजर. काका काठी घेऊन उठले. पलीकडे दलाल गाडी लावून उभा. ठेक्याची मुदत संपत आलेली, माल त्याला आजच हवा होता.

"कावून आलात?" मी तडकून विचारलं. "अजून काय लुटायचं राहिलंय?"

"भाव सांगा."

"चार!" मी रागानंच म्हणाले.

त्यानं चार रुपये ठेवले आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल असा ओरडला, "चारला घेतली! भवानी झाली!"

"नोकरी गेली तुझी, बे!" दलाल किंचाळला.

"ऐकलंत?" मी हळूच विचारलं.

"ऐकलं." तो घोंगडीची घडी घालत म्हणाला. "पांघरणाऱ्याला ठाऊक नसतं, कातणारीच्या पदरात काय पडतं ते. मला कळलंय… आता स्वस्तात घेववत न्हाई. आन् त्या दिवशी तुमची बोटं बघितली — ते मालकानं सांगितलं नव्हतं. तेवढं खरं माना."

राग अजून गेला नव्हता. पण तो उठून जाईल या भीतीनं माझा जीव नुसता कासावीस झाला.

काकांनी काठी खाली टेकवली. "नाव काय रे तुझं?"

"बिभीषण."

आठवडाभरात काका पहिल्यांदा हसले. "नावाला जागलास की बे! बस हितं."

मी घोंगड्या सरकवून माझ्या शेजारी जागा केली.