मुक्या शुक्रवारची घंटा

सन अठराशे त्रेसष्टच्या उत्तम शुक्रवारी, ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याच्या स्मरणदिनी, पोलंडातल्या व्होलीत्सा गढीवर पहाट अशी गारठून उगवली, की तोफेच्या तोंडून गोळ्याआधी शिंक बाहेर पडे. खोटे वाटत असेल तर तिथल्या गोलंदाजांना विचारावे. पण त्यांतला एकही उरला नाही, हीच तर कथा आहे.

रशियाच्या झारच्या फौजेचा वेढा महिनाभर पडलेला. किल्लेदार ओनुफ्री तलवारीपेक्षा तत्त्वज्ञानात तरबेज. त्याने शिबंदीच्या मनावर बिंबवले होते, की पोलंड हा राष्ट्रांमधला ख्रिस्त, सर्वांच्या पापांसाठी क्रुसावर चढलेला, आणि ज्या दिवशी तो उठेल त्या दिवशी वैरीसुद्धा बंधमुक्त होऊन गळ्यात पडतील.

"अहो," त्याची पत्नी तेकला म्हणाली, "दारूगोळा संध्याकाळपर्यंतच पुरेल. माझा भाऊ बार्नाबा पाचशे स्वारांनिशी रानात आपल्या घंटेच्या इशाऱ्यासाठी थांबला आहे. वाजवू द्या."

"आज? प्रभू कबरीत असता घंटा मुकी असते, हे लेकरूही जाणते. रविवारी प्रभू उठेल तेव्हाच ती वाजेल, आणि तिच्यासरशी राष्ट्र उठेल."

"उठेल हो! पण उठलेले पाहायला एखादा माणूस शिल्लक नको?"

ओनुफ्री हसला. "तुझी जीभ आघाडीवर धाडली असती, तर झार कधीच शरण आला असता."

ते हसू जिवंत राहावे, एवढेच तिला हवे होते. तो तटाकडे वळताच ती मनोऱ्यावर चढली आणि दोर ओढला.

बार्नाबाने घंटा ऐकली. पण आधी ऐकली ती गढीने.

"उठला! पोलंड उठला!" शिबंदीने बंदुका टाकल्या, दरवाजाचे अडसर काढले आणि स्तोत्र गात ती शत्रूला आलिंगन द्यायला धावली, सर्वांपुढे ओनुफ्री, हात पसरून, "बंधूंनो!" म्हणत.

"थांबा! मी वाजवली, मी!" तेकला वरून किंचाळली. डोलत्या घंटेने तिचा आवाज गिळला.

एका रशियन शिपायाने म्हणे बंदूक टाकून मिठी मारली. बाकीच्यांनी हुकूम पाळला.

बार्नाबाने दुपारी वेढा मोडला, आणि रिकामी गढी जिंकली.

गावच्या विधवा म्हणू लागल्या, घंटा देवदूताने वाजवली. तेकलाने पाद्र्यापाशी सारे कबूल केले, तेव्हा म्हातारा रडला. "मुली, त्यांच्यापाशी आता तेवढा देवदूतच उरला आहे गं."

त्यानंतर तिने ते कुणालाच सांगितले नाही. दर उत्तम शुक्रवारी बायका लेकरे घेऊन तिच्याकडे येत.

"बाईसाहेब, आपण पाहिलेत ना त्याला? पंख होते?"

"नव्हते," ती सांगे. "असते, तर वेळेत खाली उतरला असता."