उपटशंकू

वरची जमीन उन्हाने भाजून निघाल्यावर आचऱ्याची माणसं समुद्राच्या तळाशी राहायला आली, त्यालाही आता दोन पिढ्या झाल्या. तळवाडीत घर पडण्याची भीती नव्हती. भीती होती घर सुटण्याची. पाण्यात दाबून धरलेली रिकामी घागर हात काढताच उसळते, तशी हवेने भरलेली वाडी वर उसळू पाहायची आणि कातळात रोवलेले खांब तिला खाली धरून ठेवायचे.

मंदाकिनीबुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला. बुक्का लावायच्या मिषाने वाडीच्या पायाची इंजिनिअर शर्वाणी त्यांच्याजवळ वाकली.

"बुवा, खांब उचललेत. केसभरच, पण उचललेत."

"कातळातून खांब वर येईलच कसा गं?"

"एकटा येत नाही. काँक्रीट भोकाच्या खडबडीत भिंतीला असं धरतं, की खांब ओढला तर भोवतालचा खडकही उपटू लागतो. खाली टोक, वर पसरट, उलट्या झालेल्या छत्रीसारखा. त्याला आम्ही उपटशंकू म्हणतो. त्या खडकाचं वजन हाच आपला आधार."

"मग चुकलं कुठे?"

"वाडी वाढली तसे नवे खांब जुन्यांच्या कुशीतच रोवले. शंकू एकमेकांत शिरले. एकच खडक दोघांच्या हिशेबात धरला गेला."

"म्हणजे एकच टाळकरी दोन भजनी मंडळांनी आपला म्हणून सांगितला!"

"आणि आता भजन दोन्हीकडे एकदमच आहे."

नवे खांब रोवायला कातळ उरला नव्हता. पलीकडे नुसता गाळ. उपाय एकच: कुठेतरी पाणी सोडून हवा कमी करायची. "पंच म्हणतात, हा मंडप बुडवा. सगळ्यात मोठी पोकळी हीच," शर्वाणी चाचरली. "नाहीतर... कुणी राहत नाही त्या खोल्या."

बुवांना कळलं. गेलेल्या माणसाची खोली तशीच राखायची, ही घराघरातली माया. त्यांच्या घरी होती ती यजमानांची, कीर्तनात मृदंगाची साथ करणाऱ्या दत्तारामांची. मृदंगाच्या कणकेचा आंबूस वास तिथे अजून होता, आणि बुवा रोज घटकाभर त्यात बसत.

उत्तररंगाला त्या उभ्या राहिल्या, पण आख्यान लावलं नाही. "मंडळी, देव माणसांच्या मेळ्यात उभा राहतो. मंडप राहील. गेलेल्यांच्या खोल्या पाण्याला देऊ. पहिली माझी."

"बुवा, दत्तारामांची?" मागून कुणीतरी कळवळलं.

"त्यांचीच. त्यांना आता कुठे श्वास घ्यायचाय?"

मृदंग तेवढा बाहेर आणून त्यांनी दार घट्ट लावलं आणि स्वतः नळ फिरवला. पाणी छताला लागेपर्यंत भिंतीवरचा हात काढला नाही. हळूहळू घरोघरचे नळ फिरले.

"थांबले, बुवा," शर्वाणी म्हणाली. "खांब थांबले."

पुढे ती रीतच झाली. माणूस गेलं की तेरावा व्हायच्या आत खोलीत पाणी. आणि कुणाकडे पाळणा हलणार असला, नवी खोली लागणार असली, की शेजारीपाजारी म्हाताऱ्यांच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करू लागले.

पोट दिसू लागल्यावर शर्वाणीने बुवांकडे जाणंच टाळलं. शेवटी त्यांनीच तिला बोलावून घेतलं, ओटीत नारळ घातला.

"माझ्या खोलीचा नळ फार आवळलाय गं. तेल घालून ठेव. माझं जाणं कुणाला जड जायला नको."