त्रेपन्न दाते

काकांना हल्ली कमी ऐकू येतं. आम्ही भावंडं त्यांच्याशी ओरडूनच बोलतो, तरी एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागते. काल रात्री साडेदहाला जेवणं आटोपून आम्ही पुढच्या खोलीत पसरलो होतो. दादा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "काका, भुताची सांगा! खरी!"

"खरी एकच आहे," काका म्हणाले. "आमच्यात एक फिटर होता, त्याची."

मी पाय वर घेतले. "अगं, अजून भूत घरून निघालंही नाही," दादा म्हणाला.

काका खिडकीकडे तोंड करून बसले आणि सांगू लागले.

हा फिटर एका बेकरीतलं पीठ मळायचं जुनं मशीन सांभाळायचा. एकदा त्यातलं दात्यांचं चाक, म्हणजे गिअर, तुटलं. नवं कुठे मिळेना. तेव्हा असं चाक आधी लाकडाचं करायचे, ते वाळूत दाबून ठसा घ्यायचे आणि त्यात लोखंड ओतायचे. लाकडाचं काम एका म्हाताऱ्या सुताराकडे असायचं. माणूस मितभाषी. मापं देणाऱ्याला एकदाच विचारायचा, "किती?" आणि सांगतील तो आकडा पाटीवर लिहायचा.

फिटरने दाते मोजले होते, पण ग्रीस न पुसता. पहिल्या दात्यावरची खडूची खूण बुजली आणि तीन दाते दोनदा मोजले गेले. त्याने सांगितलं, "छप्पन्न." हवे होते त्रेपन्न.

चाक बसेना. मालक तापला. फिटरची नोकरी नवी, घरात तान्हं मूल. तो पटकन बोलून गेला, "मी त्रेपन्नच म्हटलं होतं. बाबांना ऐकू येत नाही हल्ली."

सुताराने त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "असेल." आणि दुसरं चाक फुकट करून दिलं.

पण बोलणं गावभर झालं. लोक सुताराशी ओरडून बोलायला लागले. दुकानदार बोटांनी आकडे दाखवायचा. कामं आटली. म्हातारा आधी कमी बोलायचा, मग बोलायचाच थांबला. दोन वर्षांत गेला.

"आणि फिटर?" मी विचारलं. काकांना ऐकू गेलं नाही.

अकरा वर्षांनी ते चाक पुन्हा तुटलं. लाकडी चाक अजून सुताराच्या घरीच होतं. ओतारी पहाटे भट्टी पेटवणार, म्हणून फिटर त्याच रात्री गेला. डिसेंबरातला पहिला गुरुवार. सव्वानऊ.

सुताराच्या बायकोने मागची खोली उघडून दिली. "घ्या शोधून, भाऊजी. मी काही हलवलेलं नाही." मग दारातच थांबली. "एक विचारू? डॉक्टर म्हणाले होते, यांचे कान चांगले आहेत. शेवटी शेवटी तर मीसुद्धा ओरडायचे यांच्यावर. तुमचं तेवढं कसं नाही हो ऐकू आलं?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

"वय झालं होतं, वहिनी," फिटर म्हणाला.

ती गुंडाळायला कापड आणायला गेली. फिटरने भिंतीवरचं चाक काढलं. या खेपेला नीट मोजलं, एकेक दाता बोटाने दाबून. त्रेपन्न. लाकूड स्वच्छ, गुळगुळीत. कुठे खूण नाही.

आणि मागून कुणीतरी विचारलं.

"किती?"

त्याला वाटलं, वहिनी. दारात कुणी नव्हतं.

"त्रेपन्न," तो म्हणाला.

"किती?"

"त्रेपन्न!" तो ओरडला. बहिऱ्याशी ओरडावं तसा.

आता अगदी कानाशी. हळू.

"किती?"

खरं उत्तर त्याला माहीत होतं. जिभेवर होतं. पण वहिनी कापड घेऊन दारात आली होती. ऐकत होती...

तो चाक उचलून पळाला.

दुसऱ्या दिवशी ओताऱ्याने वाळू झटकली आणि विचारलं, "हे काय लिहून घेतलंस?" लोखंडावर अक्षरं उठली होती. लाकडावर नव्हती. वाळूत नव्हती. चाक मशीनला चपखल बसलं. बेकरी बंद होईपर्यंत फिरत राहिलं. दर फेऱ्याला ती अक्षरं वर यायची.

काका थांबले.

"मग आता कुठंय ते चाक?" दादा ओरडला.

काकांनी मान न वळवता हात मागे केला. दाराकडे.

दार आपटू नये म्हणून तिथे एक लोखंडी चाक असतं. आम्ही लहान असल्यापासून आहे. आम्हा प्रत्येकाचा अंगठा त्यावर ठेचलाय. ते उलटं करून कुणी कधी बघितलं नव्हतं.

दादा हसायचा थांबला. कुणी उठेना. मीच का उठले, मला माहीत नाही. उलटं करायची हिंमत झाली नाही. कड जराशी उचलली आणि बोटं आत सरकवली. गार. खरखरीत. मग उठलेली रेघ.

क... त्याला वेलांटी. त... पुन्हा वेलांटी.

"छप्पन्न," काका म्हणाले. अजून खिडकीकडेच तोंड होतं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "छप्पन्न म्हटलं होतं मी, बाबा."

आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नव्हतं.